नागपुरात नव्याने ट्रकवर लागताय? मालक कसा ओळखायचा, हिशोब कसा ठेवायचा अन् पैसे अडकले तर कुठे जायचं

वाडी, कापसी, कळमना, बुटीबोरी, या सगळ्या बाजूला नवीन पोट्टे येऊन राहिले. कोणी भंडाऱ्याचा, कोणी गोंदियाचा, कोणी सिवनी-बालाघाटकडचा, हातात कोरं हेवी लायसन अन् जो पहिला शेठ "उद्यापासून ये" म्हणतो त्याच्या गाडीवर चढून मोकळे. गाडी चालवायला शिकवणारे उस्ताद गल्लोगल्ली आहेत, पण मालक कसा पारखायचा हे कोणी बसून सांगत नाही. मग काही महिन्यांनी तोच पोट्टा अमरावती रोडवर चहाच्या टपरीवर भेटतो, दोन-तीन ट्रिपचे पैसे अडकलेले, लायसन मालकाच्या ड्रॉवरमध्ये, अन् वरून "तूच माझं डिझेल खाल्लं" हा ठपका. मी बरीच वर्षं दहा चक्का अन् नंतर ट्रेलर चालवला, असे मालक पाहिले जे रात्री दोन वाजता फोन उचलून पैसे पाठवायचे, अन् असेही पाहिले ज्यांनी मेलेल्या ड्रायव्हरच्या घरच्यांना दारातून परत पाठवलं. म्हणून जे माहीत आहे ते क्रमाने लिहून ठेवतो. थोडं लांब होईल पण पूर्ण वाचा.

सगळ्यात आधी एकच गोष्ट डोक्यात पक्की करा, खराब मालक हा बहुतेक वेळा शिव्या देणारा नसतो. तो गोड बोलतो, भाऊ भाऊ करतो, अन् हिशोब पुढे ढकलतो. ट्रिप संपली की हिशोब त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, हा नियम जो मालक पाळत नाही त्याच्याकडे बाकी काहीही चांगलं असो, तिथे थांबू नका.

आधी स्वतःचे कागद

ट्रान्सपोर्ट गाडी चालवायला वय वीस पूर्ण पाहिजे अन् त्याच्या आधी निदान एक वर्ष एलएमव्ही (हलक्या गाडीचं) लायसन पाहिजे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर ट्रान्सपोर्ट लायसन पाच वर्षांनी रिन्यू होतं, अन् गॅस, पेट्रोल, केमिकल अशा धोक्याच्या मालाची नोंद असेल तर तीन वर्षांनी. नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की एलएमव्ही लायसनवर साडेसात हजार किलोपर्यंतची मालगाडी चालवता येते. पण ते पिकअप अन् छोटा हत्ती टाइप गाड्यांसाठी झालं. दहा चक्क्याला नाहीच चालत. "चालते बे, आरटीओ आपलाच आहे, मी पाहून घेईन" असं म्हणणारा मालक अपघात झाला की काहीच पाहून घेत नाही. तेव्हा इन्शुरन्सवाले पहिले लायसन मागतात अन् मालक म्हणतो याने मला खोटं सांगितलं.

ओरिजनल लायसन, आधार, पॅन कोणाच्याही ऑफिसात ठेवायचं नाही. झेरॉक्स द्या, मोबाइलवर फोटो पाठवा. "सगळ्यांचं ठेवतो आपण इथे, सेफ राहते" हे वाक्य ऐकलं की समजा इथून निघणं जड जाणार आहे. डिजिलॉकर अन् एमपरिवहनमधलं लायसन पोलिसांना दाखवायला चालते, तेही मोबाइलमध्ये करून ठेवा.

आणखी दोन कामं लगेच करून टाका. बँकेत प्रधानमंत्री सुरक्षा विमा, वर्षाला २० रुपये कटतात, अपघाती मृत्यूला २ लाख आहे. अन् पीएफ नसेल तर ई-श्रम कार्ड (असंघटित कामगारांची सरकारी नोंदणी) काढा. पोट्टे यावर हसतात, हसू द्या.

मालकाला भेटायच्या आधी त्याची चौकशी

मालकाची खरी माहिती त्याच्या ऑफिसात मिळत नाही. पंक्चरवाल्याला विचारा. खरंच. ज्या पंक्चरवाल्याकडे त्या मालकाच्या गाड्या जातात त्याची उधारी किती दिवस लटकते हे तो पाच मिनिटांत सांगतो, अन् जो माणूस टायरवाल्याचे पैसे सहा महिने देत नाही तो तुमचा पगार सातला देणार नाही. डिझेल पंपावरचा पोरगा, मिस्त्री, भोजनालयवाला, यांनाही विचारा.

अन् त्याच मालकाच्या गाडीवर आत्ता असलेल्या ड्रायव्हरला गाठा, पण त्याच्या ऑफिससमोर नाही, दूर कुठेतरी चहाला. तीन गोष्टी विचारा: शेवटचा हिशोब कधी झाला, याच्या आधीचा ड्रायव्हर का सोडून गेला, अन् मागच्या अपघातात मालक पोलिस ठाण्यात आला होता का. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर देताना माणूस कसा बोलतो ते पाहा. सगळे ड्रायव्हर दोन-तीन महिन्यांचेच असतील, जुना एकही नसेल, तर काय समजायचं ते समजा.

गाडीचा नंबर मिळाला की एमपरिवहन ॲपवर टाका. एमएच-३१ असो, ४० असो की ४९, इन्शुरन्स, फिटनेस, पीयूसी कधीपर्यंत आहे सगळं दिसतं. आठ वर्षांपर्यंतच्या मालगाडीला दोन वर्षांनी फिटनेस लागतो, त्याच्यापुढे दरवर्षी, त्यामुळे जुन्या गाडीला हे नक्की पाहा. ई-चालान किती पेंडिंग आहेत तेही पाहा. तीस-चाळीस चालान लटकलेली गाडी म्हणजे मालक भरत नाही अन् उद्या कुठेतरी नाक्यावर गाडी अडकली की तुम्ही बसाल तिथे.

फायनान्सचंही विचारा. हप्ते थकलेल्या गाडीला फायनान्स कंपनीचे सीझर हायवेवर अडवतात, चावी काढून घेतात, माल भरलेला असला तरी. ड्रायव्हर रस्त्यावर, कपड्याची पिशवी हातात, अन् मालकाचा फोन स्विच ऑफ. माझ्या ओळखीच्या एका पोट्ट्याला जांबच्या पुढे असं उतरवलं होतं, खिशात पैसे नव्हते अन् ज्याच्यासाठी गाडी नेत होता तो मालक दोन दिवस बोलला नाही.

बोलणी: काय ठरवायचं अन् कसं ठरवायचं

आपल्याकडे साधारण चार प्रकारे पैसे ठरतात. महिन्याचा पगार अधिक रोजची खुराकी (जेवणाखाण्याचे पैसे). किंवा ट्रिपवर. किंवा भाड्याच्या टक्क्यावर. नाहीतर ठोक, म्हणजे मालक एक आकडा देतो अन् त्यातच डिझेल, टोल, एंट्री, हमाली सगळं तुम्हीच पाहायचं, उरलं ते तुमचं. नवीन माणसाने ठोक घेऊ नये. रस्ता, रेट, अॅव्हरेज यातलं काहीच अजून अंगवळणी पडलेलं नसतं अन् मालकाला ते सगळं पाठ असतं, त्यामुळे घाटा कोणाचा होणार ते ठरलेलंच आहे. टक्क्यावर घेत असाल तर भाडं किती आहे ते दाखवणार का, हे आधी विचारा, कारण भाडं लपवलं की टक्का कशाचा धरायचा?

बोलताना हे सगळं काढा: पगार किंवा ट्रिप किती, खुराकी किती, अन् कंपनीच्या गेटवर गाडी तीन दिवस उभी राहिली तर खुराकी चालू राहणार का बंद. बुटीबोरी-हिंगण्यात गाडी खाली व्हायला दोन दिवस लागणं काही नवीन नाही, अन् बरेच मालक पार्टीकडून (मालवाल्याकडून) हॉल्टिंग, म्हणजे गाडी उभी राहिल्याचे पैसे, घेतात पण ड्रायव्हरला त्या दिवसांचं काही देत नाहीत. क्लीनर देणार की एकट्याने जायचं. ताडपत्री-रस्सा बांधणं, हमाली, वाराई असे माल भरायचे-उतरवायचे पैसे कोणाच्या खिशातून. पंक्चर कोणाचं, टायर फुटलं तर कोणाचं. चालान कोणतं तुमचं अन् कोणतं मालकाचं. स्पीड, सिग्नल, मोबाइल हे ड्रायव्हरचं, ओव्हरलोड, कागद, फिटनेस, फास्टॅगमध्ये पैसे नसणं हे मालकाचं, एवढी सरळ वाटणी आहे अन् चांगला मालक ती लगेच मान्य करतो.

मग घरी जाऊन त्याला व्हॉट्सॲप करा. भांडणाच्या भाषेत नाही, साध्या भाषेत: "शेठ नमस्कार, आज बोलल्याप्रमाणे पगार इतका, खुराकी रोज इतकी, हिशोब ट्रिपनंतर दुसऱ्या दिवसापर्यंत, सोमवारपासून गाडी नंबर अमुकवर येतो." त्याने नुसता अंगठा पाठवला तरी चालेल. हा मेसेज कधीच डिलीट करू नका. पैसे शक्यतो खात्यावर किंवा यूपीआयने घ्या, नगद दिले तर त्याच दिवशी "आज पाच हजार मिळाले" असा मेसेज टाका. पुढे कोणी म्हणालं की हा माझ्याकडे कामालाच नव्हता, तर हेच तुमच्या कामी येते.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राचे चार लेबर कोड लागू झाले आहेत. दहा किंवा जास्त कामगार असलेल्या ट्रान्सपोर्ट कंपनीत अपॉइंटमेंट लेटर देणं मालकावर बंधनकारक आहे, म्हणजे मोठ्या कंपनीत लागत असाल तर बिनधास्त मागा. दोन-चार गाड्यांच्या मालकाकडे लेटर मिळणं कठीण, तिथे वरचा व्हॉट्सॲप मेसेजच तुमचं लेटर.

उचलीबद्दल वेगळं सांगतो. बहिणीचं लग्न, बापाचं ऑपरेशन, अशा वेळी मालक स्वतःहून तीस-चाळीस हजार देतो अन् माणसाला वाटते देव भेटला. काही मालक खरंच मनाने देतात. पण काही मालक नवीन माणसाला मुद्दाम देतात, मग दर महिन्याला थोडे कापतात, थोडे नवीन देतात, हिशोब कधी दाखवत नाहीत, अन् सोडतो म्हटलं की आकडा दुप्पट होतो. उचल घेतलीच तर किती घेतली अन् दर महिन्याला किती कापायची ते त्याच दिवशी लिहून घ्या. उचल दिली म्हणून माणूस बांधून ठेवता येत नाही, वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने बंद आहे, अन् असं कोणी अडवून ठेवलं तर ती पोलिसांत अन् जिल्हाधिकाऱ्यांकडे जाण्यासारखी गोष्ट आहे.

गाडी ताब्यात घेताना

पंधरा मिनिटं जातात पण ही पंधरा मिनिटं सोडू नका. मोबाइलचा व्हिडिओ चालू करून गाडीभोवती एक फेरी मारा. किलोमीटरचा आकडा, डिझेलचा काटा, प्रत्येक टायरवरचा नंबर, कोणतं टायर नवं अन् कोणतं रबर चढवलेलं, स्टेपनी, बॅटरी, जॅक, टॉमी, पाने, ताडपत्र्या किती अन् त्यातली फाटकी कोणती, काचेला तडा, आधीचा डेंट. व्हिडिओ मालकाला पाठवून द्या, "गाडी अशी मिळाली". मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा रबर चढवलेली टायरं फुटतातच. मग मुनीम म्हणतो नवं टायर होतं, ड्रायव्हरने फोडलं, कापा याचे. टायर नंबरचा फोटो असला की हा विषय तिथेच संपतो.

ब्रेकला हवा धरते का, हँडब्रेक, मागचे लाइट, हे पण पाहा. ब्रेक खराब आहे सांगूनही "ही ट्रिप मारून ये, मग करू" म्हणतो त्या मालकाची चावी त्याच्या टेबलावर ठेवून निघा. यावर दुसरं मत नाही माझं.

डिझेलचा हिशोब, इथेच सगळ्यात जास्त पोट्टे मार खातात

एक उदाहरण धरू. नागपूरहून हैदराबाद, हिंगणघाट-आदिलाबाद-निर्मल करत साधारण ५०० किलोमीटर, जाऊन येऊन हजार. गाडी भरून साधारण चारचा अॅव्हरेज (लिटरला चार किलोमीटर) देते. म्हणजे २५० लिटर लागणार. मुनीम म्हणतो आपल्याकडे साडेचारचा अॅव्हरेज धरतात. साडेचारने २२२ लिटर झाले. मधले २८ लिटर, लिटरला नव्वद धरले तरी अडीच हजार, तुमच्या नावावर. एका ट्रिपचे. महिन्यात अशा चार-पाच ट्रिपा झाल्या की दहा-बारा हजार गेले, अन् ड्रायव्हर समजतो आपलाच पाय जड आहे.

यावर उपाय एकच, मापून घ्यायचं. पहिल्या ट्रिपला मालकाच्या माणसासमोर टाकी फुल करा, मीटरचा फोटो. परत आल्यावर त्याच पंपावर पुन्हा फुल, पुन्हा फोटो. जे निघालं तो त्या गाडीचा अॅव्हरेज, अन् त्याच्यावरच पुढचं ठरवायचं. गाडी दोन टन जास्त भरली, दोन दिवस ट्रॅफिकमध्ये रेंगाळली, कॅबिनचा एसी चालला (१ ऑक्टोबर २०२५ नंतर बनलेल्या मोठ्या ट्रकच्या कॅबिनला एसी कंपल्सरी आहे), टायरात हवा कमी, की अॅव्हरेज पडणार, हे मालकालाही माहीत असते. बीएस-६ गाडी असेल तर युरियाचं (धूर साफ करायला वेगळ्या टाकीत टाकतात ते) बिल वेगळं ठेवा, ते डिझेलमध्ये धरून घेतात काही मुनीम.

अन् दुसरी बाजूही सांगतो, कारण सांगितल्याशिवाय हा लेख खरा होणार नाही. डिझेल काढून विकणारे ड्रायव्हर आहेत, त्यांच्यामुळेच मालक सगळ्यांवर संशय घेतात, अन् ढाब्यावर कोणी कॅन घेऊन जवळ आलं तर त्याला हाकलून लावा. आजकाल टाकीला सेन्सर असतात, एकदा नाव खराब झालं की वाडीपासून कापसीपर्यंत कोणी गाडी देत नाही.

एक छोटी वही ठेवा. मोबाइल हरवतो, फुटतो, वही कॅबिनमध्ये न सोडता आपल्या पिशवीत ठेवायची, म्हणजे गाडी अचानक काढून घेतली तरी ती तुमच्याजवळ राहते. तारीख, कुठून कुठे, मीटर, डिझेल लिटर अन् रुपये, टोलचे नगद दिले तर ते, एंट्री, हमाली, वाराई, काट्याचे पैसे, खुराकी, मालकाने दिलेला अॅडव्हान्स. रोज रात्री गाडी लावल्यावर लिहा, नंतर लिहितो म्हटलं की विसरतेच. ट्रिप संपली की पानाचा फोटो मालकाला.

माल भरताना

बिल्टी (मालाची पावती) वाचल्याशिवाय गाडी हलवायची नाही. माल काय, नग किती, वजन किती, ई-वे बिलावर (माल नेण्याचा जीएसटीचा ऑनलाइन कागद) गाडीचा नंबर हाच आहे का, अन् त्याची मुदत किती. साध्या मालाला दर २०० किलोमीटरला एक दिवस मिळतो, तेव्हा दोन दिवस गेटवर उभे राहिलात तर मुदत संपत आली हे मालकाला वेळेवर कळवा, मेसेजवर. मुदत संपलेल्या बिलावर गाडी पकडली की दंड मालावर अन् गाडीवर असतो, पण उभं राहून वाट ड्रायव्हरच पाहतो, कधी कधी आठवडाभर.

काट्याची पावती दोन्ही बाजूची घ्यायची, खाली गाडीची अन् भरलेल्या गाडीची. उमरेड-वणीकडचा कोळसा, गडचांदूरकडचं सिमेंट, यात शॉर्टेज (कमी पडलेला माल) ड्रायव्हरवर टाकायची जुनी सवय आहे. कोळसा ओला भरला अन् दोन दिवस उन्हात राहिला की वजन उतरते, अन् कोराडी-खापरखेड्याकडे रिकामी करताना काट्यात फरक येतो. सिमेंटच्या पोत्यांचं तर नग मोजून घ्या अन् फुटलेली पोती भरतानाच बिल्टीवर लिहून घ्या. कंटेनर असेल तर सीलचा फोटो भरल्यावर एक अन् उतरवायच्या आधी एक. नव्या वेज कोडमध्ये (वरच्या चार लेबर कोडपैकी पगाराचा) स्पष्ट आहे की मालाच्या नुकसानीचे पैसे पगारातून कापायचे असतील तर नुकसान ड्रायव्हरच्याच निष्काळजीपणामुळे झालेलं पाहिजे, अन् कापण्याआधी त्याला त्याची बाजू मांडायची संधी द्यावी लागते. सगळी कपात मिळून पगाराच्या अर्ध्यापेक्षा जास्त होऊ शकत नाही. मुनीमला हे शांतपणे सांगून पाहा, बऱ्याच वेळा आवाज खाली येतो.

ओव्हरलोडचा दंड २० हजार, अन् वरच्या प्रत्येक टनाला आणखी २ हजार, शिवाय जास्तीचा माल तिथेच उतरवायचा. काट्यावर गाडी न्यायला नकार दिला तर ४० हजार. अन् ओव्हरलोडमध्ये लायसन तीन महिने सस्पेंड होऊ शकतं, ते लायसन मालकाचं नसते, तुमचं असते. आरसीवर जीव्हीडब्ल्यू (गाडी अन् माल मिळून एकूण वजनाची मर्यादा) लिहिलेलं असतं, तीन ॲक्सलच्या दहा चक्क्याला २०१८ नंतर साडेअठ्ठावीस टन. त्याच्यावर भरत असतील तर मालकाला मेसेज टाका, "शेठ वजन इतकं भरलं, पुढे काय करू." उत्तर काहीही येवो, तुम्ही सांगितलं होतं याची नोंद राहते.

रेती असेल तर रॉयल्टीचा पास हातात पाहिजे, त्याच तारखेचा अन् त्याच गाडीचा. कन्हान-वैनगंगेच्या बाजूला रात्री बिनपासची रेती चालते अन् पकडल्यावर चोरीच्या गुन्ह्यात पहिलं नाव ड्रायव्हरचंच लागते. गुटखा महाराष्ट्रात २०१२ पासून बंद आहे, तरी मध्य प्रदेश बॉर्डरकडून "किराणा आहे" म्हणून भरून देतात. बिल्टीवर किराणा अन् पोत्याला तंबाखूचा वास, अशी गाडी कोणत्याही भाड्यात न्यायची नाही. भाडं नेहमीपेक्षा जास्त देऊन राहिले अन् गाडी फक्त रात्रीच चालवायची म्हणतात, तेव्हाच ओळखा.

माल उतरला की पोच घ्या, सही-शिक्क्याची, अन् तिथेच फोटो काढून पाठवा. "पोच आली नाही म्हणून पार्टीने पैसे दिले नाहीत म्हणून तुझा हिशोब नाही", ही साखळी त्या एका फोटोने तुटते. अन् खरं तर पार्टीने पैसे दिले की नाही याच्याशी तुमच्या पगाराचा काही संबंधच नाही.

झोप

संत्र्याच्या सीझनमध्ये कळमन्यातून गाडी निघाली की फोन सुरू होतात, कुठे पोहोचला, अजून तिथेच का, माल सडेल. समृद्धीवर रात्री सरळ रस्ता, वळण नाही, गाव नाही, डोळे उघडे असतात अन् माणूस झोपलेला असतो. १९६१ च्या मोटार ट्रान्सपोर्ट वर्कर्स कायद्यातही दिवसाला आठ तास अन् लांबच्या फेरीला फार तर दहा तास होते अन् नव्या कोडमध्येही आठच तासांचं काम आहे, वरच्या वेळेला दुप्पट पैसे. आपल्या लाइनीत हे कोणी पाळत नाही, मला माहीत आहे. तरी पण सलग पाच तासांनंतर अर्धा तास गाडी लावायची अन् रात्री दोन ते पाच चालवायची नाही, हे तुम्ही स्वतः ठरवून घ्या. मालकाने फोनवर शिव्या दिल्या तर फोन सायलेंटवर टाका. काही लोक गोळी देतात, अफू देतात, "उस्ताद घे, पुण्यापर्यंत झोप येणार नाही." अशी गोळी देणारा कोणाच्या ऑफिसचा माणूस असेल तर तिथे दुसऱ्या दिवशी जाऊ नका.

अपघात झाला तर

जखमी माणसाला दवाखान्यात पोहोचवणं अन् पोलिसांना कळवणं हे कायद्याने ड्रायव्हरचं काम आहे. लोक मारायला धावले अन् थांबणं शक्यच नसलं तर गाडी सोडा, पण सरळ जवळच्या पोलिस ठाण्यात जा, चोवीस तासांच्या आत कळवायचं असते. ११२ वर फोन, ॲम्ब्युलन्सला १०८, नॅशनल हायवेवर असाल तर १०३३. जखमीचा पहिल्या सात दिवसांचा दीड लाखापर्यंतचा इलाज कॅशलेस करायची केंद्राची स्कीम मे २०२५ पासून आहे, दवाखान्यात याचं नाव काढा.

मालक कधी कधी म्हणतो, "तुझ्याकडे लायसन आहे, त्याच्याकडे नाही, कागदावर तूच चालवत होता म्हण." दुसऱ्याचा अपघात आपल्या नावावर घेऊ नका, कितीही पैसे देऊ द्या. कोऱ्या कागदावर, कोऱ्या स्टॅम्पवर सही नाही.

अन् तुम्हालाच लागलं तर? कामावर असताना ड्रायव्हर-क्लीनरला इजा झाली की भरपाई मालकाने द्यायची असते, हा कायदा १९२३ पासून आहे अन् आता सोशल सिक्युरिटी कोडमध्ये आला. मालकाच्या पॉलिसीत "पेड ड्रायव्हर"ची लीगल लायबिलिटी टाकली असेल तर हे पैसे इन्शुरन्स कंपनी देते, तिचा प्रीमियम माणशी ५० रुपये असतो, फक्त ५० रुपये. पॉलिसीवर १५ लाखांचं पर्सनल ॲक्सिडेंट दिसते ते स्वतः गाडी चालवणाऱ्या मालकाचं असते, तुमचं नाही, त्यावर भरवसा ठेवू नका. म्हणून कामावर लागतानाच पॉलिसीचा फोटो मागा अन् ती एक ओळ शोधा. घरच्यांनाही मालकाचं पूर्ण नाव, पत्ता, गाडीचा नंबर अन् या कागदांचे फोटो पाठवून ठेवा. बायकोला मालकाचं नावही माहीत नसते, अन् मग ती कोणाच्या दारात जाणार?

पैसे अडकले तर

पहिले स्वतः जाऊन हिशोब मागा, वही घेऊन, सोबत एखादा जुना ड्रायव्हर घेऊन. मारामारी, गाडी पळवून नेणं, माल अडवणं, चावी घेऊन घरी जाणं, यातलं काहीही करू नका. तुमचे पैसे खरे असले तरी त्या क्षणी गुन्हा तुमच्यावर होतो, अन् खराब मालक त्याचीच वाट पाहून राहतो.

मग व्हॉट्सॲपवर लेखी मागणी, तारीख अन् रक्कम टाकून. मग साधं पत्र, स्पीड पोस्टाने, पावती जपून. काम सोडलं की दोन कामाच्या दिवसांत सगळा हिशोब द्यायचा असं वेज कोडमध्ये आहे अन् दावा करायला तीन वर्षं मिळतात. नागपुरात कामगार आयुक्तांच्या ऑफिसात अर्ज द्या, सोबत मेसेज, बँकेचं स्टेटमेंट, वहीची झेरॉक्स, बिल्ट्यांचे फोटो जोडा अन् अर्जाच्या दुसऱ्या कॉपीवर आवक शिक्का मारून घ्या. वकील परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण आहे, १५१०० वर फोन लागतो, तिथे मोफत वकिलासाठी अर्ज करता येतो. वेळ लागतो, दोन-चार चकरा होतात. पण नोटीस गेल्यावर बरेच मालक अर्ध्या रस्त्यातच फोन करतात, "ये रे, बसून बोलू." बसा, बोला, पण पैसे खात्यावर आल्याशिवाय अर्ज मागे घेऊ नका.

लायसन अडवून ठेवलं असेल तर पोलिस ठाण्यात लेखी तक्रार द्या अन् परिवहनच्या सारथी पोर्टलवर डुप्लिकेटचा अर्ज करा. एका कार्डासाठी कोणाच्या हातापाया पडायची गरज नाही.

सोडताना

ट्रिप मध्येच सोडू नका, माल उतरवून गाडी नागपुरात आणून लावा अन् मगच सांगा. आधी सांगितलं तर शेवटच्या ट्रिपचे पैसे गेलेच म्हणून समजा. गाडी घेताना जसा व्हिडिओ काढला तसाच देताना काढा, तेच टायर नंबर, तेच पाने, तीच ताडपत्री, डिझेलचा काटा, मीटर. चावी मालकाच्या किंवा मुनीमच्या हातात द्या अन् "आज इतक्या वाजता गाडी अन् चावी जमा केली" असा मेसेज टाका. कॅबिनमधले आपले कपडे, बिल्ट्यांच्या झेरॉक्स आदल्या रात्रीच काढून घ्या. अन् नवीन गाडी शोधायला निघाल तेव्हा पुन्हा पंक्चरवाल्यापासून सुरुवात करा.